करीच्या दिवसाची शिंक

आधीच हात जोडून सांगतो. माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर खुशाल हसा, पण गोष्ट अर्धी टाकून उठू नका. भारी शब्द माझ्यापाशी नाहीत. जे साधे आहेत तेच घासूनपुसून मांडतो.

एका राज्यात सणांना तोटा नव्हता. पण मोठ्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, अख्खी नगरी तोंड पाडून बसे. त्या दिवशी चूल पेटत नसे, बाया केस विंचरत नसत, आणि कोणी हसले तर शेजारी कडी लावून घेई. कारण त्या राज्याला शाप होता. करीच्या पहाटे राजासमोर ज्याच्या हातून पहिला अपशकुन घडेल, त्याने सूर्य मावळताना वेशीबाहेर जायचे. उंबऱ्यापलीकडे पाऊल पडले की त्या माणसाची टिटवी होई आणि ती ओरडत कोरड्या तळ्याकडे उडून जाई. हे सर्वांना ठाऊक होते. त्याविषयी कोणी बोलत मात्र नसे.

वेशीवर सिदोजी नावाचा द्वारपाल होता. अपशकुन घडला की मोठ्याने पुकारायचे, हे त्याचे काम. त्या कामापायी त्याला संशयाची खोड लागली होती. मांजर दिसले की ते कुठे चालले हे तो पाहत नसे, कोणी पाठवले हे पाही. स्वतःच्या सावलीवरही त्याची नजर असे.

त्या वर्षी करीच्या पहाटे राजा पृथुसेन सूर्यदर्शनाला वेशीवर आला. शेजारी शकुनगुरू दुर्मुख होता. तो मोठा मांत्रिक. दर करीनंतर तो राजाला सोन्याची अंडी नजर करी, आणि ती कुठली हे राजा विचारत नसे. सिदोजी रस्त्याकडे तोंड करून उभा होता. इतक्यात पाठीमागे कोणीतरी शिंकले.

"अपशकुन!" सिदोजी गरजला आणि मग वळला.

मागे त्याची धाकटी बहीण गोजरा उभी होती. एका हातात शिदोरी, दुसऱ्या हातात फूल.

"दादा," ती म्हणाली, "वळून बघायचंस तरी रे."

राजाने मान खाली घातली. "सिदोजी, ही तुझी बहीण?"

"होय, महाराज."

"आणि तरीही पुकारलेस?"

"सवय, महाराज."

"अशा सवयीनेच राज्य टिकते," दुर्मुख म्हणाला. "मुलीला देवडीत बसवा. सूर्य मावळताना येतो."

देवडीत गोजराने भावासमोर शिदोरी सोडली. "खा. मला आता किडेच खायचे आहेत."

सिदोजीने शिदोरी बाजूला सारली. पण खोड ती खोड. त्याने विचारले, "तुला सर्दी होती का?"

"नव्हती."

"मग शिंक कुठून आली?"

"नाकातून! आणखी कुठून येणार?"

"आणि हे फूल?"

"गुरुमहाराजांनी दिलं. म्हणाले, भावाला नेऊन दे, आधी तू वास घे."

सिदोजीने फूल नाकाशी नेले आणि त्याला अशी शिंक आली की मुंडासे सैल झाले. त्याने पाकळी उलगडली. आत बारीक तपकीर भरली होती. फूल त्याने जपून शेल्यात बांधले. राजाकडे धाव घ्यावी असे त्याला वाटले. पण गुरूपुढे द्वारपालाचे कोण ऐकणार?

तेवढ्यात तटावर एक टिटवी येऊन बसली. "सिदोजी," ती म्हणाली, "बहीण हवी असेल तर आजचा दिवस सण म्हणून साजरा कर."

सिदोजीने भाला उचलला. "तुला कोणी पाठवले?"

"कोणी नाही. मी सुईण आवडाई. गेल्या करीला रिकामी घागर घेऊन राजाला सामोरी आले. तूच पुकारलेस."

"टिटवी काहीही सांगेल."

"तर मग ऐक. तू पायाळू. आधी पाय बाहेर काढून जमीन चाचपलीस, आणि मगच डोके काढलेस. तेव्हाच मी तुझ्या आईला म्हटले, पोर संशयी निघणार."

सिदोजीने भाला खाली ठेवला.

"कोरड्या तळ्यात दुर्मुख आम्हाला दगडांवर बसवतो," टिटवी म्हणाली. "नगरीच्या भीतीची ऊब लागली की त्या दगडांचे सोने होते. तुम्ही तीन अपशकुनांचा मान करा. मांजराचा, रिकाम्या घागरीचा आणि शिंकेचा. भीती निवली की त्याची विद्याही निवेल."

"मग तुम्ही परत याल?"

"दर वर्षी येऊ पाहतो. वेस आम्हाला आत घेत नाही. का घेत नाही, ते वेशीवरच्या माणसाने शोधावे." एवढे बोलून ती उडाली.

सिदोजीने गोजराला बरोबर घेतले आणि दोघे पेठेत गेले. तिथे एक काळे मांजर झोपले होते. त्याने ते पाटावर बसवले, पुढे दूध ठेवले, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि दवंडी दिली, "ज्याला हे मांजर आडवे जाईल, त्याला कालची एक पुरणपोळी!"

दारे बोटभर उघडली. फटींतून डोळे दिसू लागले.

"फुकट?" एका फटीतून आवाज आला.

"फुकट."

"मग नक्की काहीतरी आहे त्यात."

"पुरण आहे," गोजरा म्हणाली.

तात्याबा कोष्टी नावाचा म्हातारा सर्वांत आधी बाहेर आला. पोळी आधी त्याने हुंगली, मग उजेडात धरली, मग मांजरापुढून तीनदा चालत गेला. मांजर जागचे हलले नाही. शेवटी ते उठले आणि सोनाराच्या वाटेला आडवे गेले. तात्याबा खवळला. "पक्षपाती मांजर! सोनाराचं खातंय!" त्यावर कोणीतरी हसले. करीच्या दिवशी नगरीत हसू फुटले, आणि छप्पर काही कोसळले नाही. मग मांजर आपल्याला आडवे जावे म्हणून एकच झुंबड उडाली.

दुपारी गोजराने बायांना हाक दिली. "घरातल्या रिकाम्या घागरी आणा गं!"

"भरलेली आणली तर चालेल ना?" एकीने भीत भीत विचारले.

"भरलेली वाजत नाही, वहिनी."

बायांनी घागरी पालथ्या घालून ताल धरला, कोणी तोंडाशी धरून फुंकल्या. सोमवंशी घराण्याची सून कधी मान वर करीत नसे. तिने अशी घागर फुंकली की सासूने कौतुकाने विचारले, "इतका दम कुठं लपवला होतास गं?" पण फुगडी घालतानाही प्रत्येकीचा एक डोळा आभाळाकडे होता. काहीतरी कोसळेल, आता कोसळेल, असे ज्याला त्याला वाटत होते.

सूर्य कलला. घागरी, मांजर आणि माणसे अशी सगळी वरात वेशीवर पोहोचली. राजा आला, दुर्मुखही आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हा काय तमाशा?" त्याने विचारले.

"सण आहे, गुरुमहाराज," सिदोजी म्हणाला. "तिसरा मान राहिला आहे. महाराज, दासाचे एवढे फूल हुंगावे."

राजाने फूल हुंगले आणि तो शिंकला. प्रधानाने हुंगले, तोही शिंकला. फूल हातोहात फिरले. सेनापती शिंकला, भालदार शिंकले, सासवा-सुना शिंकल्या, तात्याबा तर सात वेळा शिंकला आणि आणखी मागू लागला. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले.

सिदोजीने हात जोडले. "महाराज, शिंकेल तो अपशकुनी ठरतो. आता कोणाकोणाला घालवू?"

राजाचे हसू थांबले. त्याने सभोवार पाहिले आणि त्याची नजर एका जागी ठरली. "गुरुजी, आपण तेवढे शिंकला नाहीत. हुंगा."

"मी हुंगणार नाही. तपकिरीने मला..." दुर्मुख बोलता बोलता थांबला.

"फुलात तपकीर आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते," राजा हळूच म्हणाला. "आपल्याला कसे कळले?"

दुर्मुख पुढे झेपावला. त्याने गोजराचा दंड धरला, तिला उंबऱ्यापलीकडे ढकलले आणि ओरडला, "जा!"

त्या शब्दासरशी लोकांची जुनी भीती जागी झाली. गोजराच्या खांद्यांवर पिसे फुटू लागली, पाय काडीसारखे झाले. तिने मागे वळून पाहिले. घरातून निघताना लहानपणापासून म्हणायची तेच तिच्या तोंडून निघाले.

"येते हं, दादा."

सिदोजीला एकदम उमगले. इतकी वर्षे या वेशीवरून माणसे गेली, आणि प्रत्येकाला सर्वांनी "जा" म्हटले होते. शत्रूलाही आपण घरातून असे घालवत नाही. परत या असे ज्याला कोणी म्हटलेच नाही, त्याला वेस आत कशी घेईल? दुसरे काही घडण्याआधी तो ओरडला,

"ये!"

गोजराची पिसे गळून पडली. ती उंबरा ओलांडून आत आली आणि भावाच्या गळ्यात पडली. सिदोजीने तळ्याकडे तोंड केले. "आवडाई, या! सगळे या!" त्याच्यामागून राजा ओरडला, "या!" मग अख्खी नगरी ओरडली. तळ्यावरून टिटव्यांचा थवा उठला. वेशीत उतरता उतरता कोणाचा बाप झाला, कोणाची आई झाली, कोणाचा नवरा झाला. आवडाईने आल्या आल्या एकीच्या हातातली रिकामी घागर घेतली आणि विचारले, "माझी कुठं आहे?"

राजा दुर्मुखाकडे वळला. "जा," म्हणाला.

दुर्मुख गेला. त्याला कोणी या म्हटले नाही. उंबऱ्यापलीकडे त्याचे वाळके पान झाले, ते वाऱ्याने नेले. त्याच क्षणी खजिन्यातली सोन्याची अंडी पुन्हा दगड झाली. राजाने त्या दगडांचा वेशीबाहेर पार बांधायला सांगितला, येणाऱ्याला बसता यावे म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिदोजी नेहमीच्या जागी, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. राजाची पालखी आली. काळे मांजर तिला आडवे गेले.

"काय दिसले, सिदोजी?" राजाने विचारले.

"मांजर, महाराज. घाईत आहे." पण ते कुठे चालले, हे त्याने शेवटपर्यंत पाहिले.

इतक्यात पाठीमागे कोणीतरी शिंकले. पालखी थबकली. सर्वांनी सिदोजीकडे पाहिले.

"शतायुषी हो!" सिदोजी गरजला, आणि मग त्याने वळून पाहिले. कोणी अनोळखी वाटसरू होता.