सभेने मंजूर केलेली शिंगे

हौसा गवळणीची म्हैस ओढ्यात बसली म्हणून कोंडवाड्यात गेली. सारंगगडच्या पाणवठा खात्याने नवा नियम काढला होता: म्हशीने पाण्यात बसण्यापूर्वी अर्ज करावा, अर्जात शिंगांची लांबी व दुधाचे माप लिहावे आणि मंजुरी येईपर्यंत काठावर उभे राहावे. हौसाची म्हैस मोरी उन्हाने तापलेली. ती बसली ती बसलीच. आता कोंडवाड्यात तिचे दूध आटत चालले होते आणि घरी रेडकाने ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता.

हौसा तडक दरबारात गेली. हा नियम माणसाने केला की म्हशीने, असे तिने सगळ्यांसमोर विचारले.

उदयभान राजा हट्टी होता. आपल्या राज्यात खात्यांचे नियम सभा तपासते, याचा त्याला भारी अभिमान. खात्याने नियम लाल कापडात बांधून सभेच्या चौरंगावर ठेवायचा. तीन दिवसांत एकवीस सभासदांपैकी कुणीही हरकत घेतली नाही, की त्यावर राजाचा शिक्का! हरकत आजवर कुणीच घेतली नव्हती. ती गाठोडी मऊ असत. दुपारच्या जेवणानंतर सभासद त्यांवर कोपर टेकून राज्याची चिंता वाहत आणि चिंता अनावर झाली की घोरत. नियम वाचणे हे त्यांचे एकच काम होते. तेवढे एक राहून जाई.

"महाराज, तुमची सभा नियम वाचत नाही," हौसा म्हणाली.

सभाप्रमुख हणमंतपंत ताडकन उसळले. आम्ही ओळ न् ओळ पारखतो, असे त्यांनी छाती ठोकून सांगितले.

"मग सिद्ध कर," राजा हौसाला म्हणाला. "आठ दिवस देतो. पण एकाही सभासदाला काही विचारायचं नाही आणि कुणावर पाळतही ठेवायची नाही. जमलं तर म्हैस तुझी. नाही जमलं तर म्हैस खात्याची!"

हौसाने एक लोटके दही देऊन चावडीवरच्या लेखनिकाकडून एक कागद लिहून घेतला आणि 'नियमात सुधारणा' म्हणून पाणवठा खात्यात नेऊन दिला. त्या खात्यात काम मोजत ते गाठोड्यांवर. महिना संपत आला होता आणि कारकुनाला एक गाठोडे कमी पडत होते. शिंगे, दूध, मंजुरी, कोंडवाडा असे ओळखीचे शब्द दिसताच त्याने कागद लाल कापडात बांधला आणि सभेकडे धाडला. तिथे तीन दिवस त्यावर कोपरे टेकली गेली. मग राजाने घोड्याच्या नव्या खोगिराबद्दल बोलता बोलता शिक्का उमटवला.

आठव्या दिवशी हौसाने एवढीच विनंती केली, की सर्वांत ताजा नियम मोठ्याने वाचावा. भालदाराने खाकरून सुरुवात केली:

"सभेत बसण्यापूर्वी बसणाराने अर्ज करावा. अर्जात शिंगांची लांबी व दुधाचे माप लिहावे. मंजुरीशिवाय बसल्यास कोंडवाड्यात न्यावे. नियम वाचताक्षणी लागू."

एकवीसच्या एकवीस सभासद उभे राहिले. एकाने तर पगडी वर करून डोके चाचपले.

"ही शुद्ध फसवणूक आहे!" हणमंतपंत थरथरत म्हणाले. "सभासदाला कधी शिंगं असतात का?"

"हेच ऐकायला मी तीन दिवस थांबले होते, पंत," हौसा म्हणाली. "मंजुरीच्या आधी बोलला असतात, तर माझी म्हैस गेली असती."

राजा पोट धरधरून हसला. हणमंतपंतांनी चाचरत आठवण करून दिली, की शिक्का महाराजांचा आहे. राजाचे हसू जागीच थांबले.

"म्हणजे मीही वाचत नाही, असं तुझं म्हणणं?"

"मी कशाला काही म्हणू, महाराज? पण बसायचा अर्ज केलाय का तुम्ही?"

राजा गादीवरून टुणकन उठला आणि मग उभ्यानेच इतका हसला, की मुकुट सावरायला दोन माणसे लागली. त्याने तिथल्या तिथे मोरीला सोडायचा हुकूम दिला आणि ओढ्याकाठचे कुरण हौसाला कायमचे बक्षीस दिले. दोन्ही नियम रद्द करायला मात्र पुन्हा तीन दिवस गाठोडे चौरंगावर ठेवणे भाग होते. ते तीन दिवस सगळी सभा राजासकट उभी राहिली. उभ्याने झोप लागेना, म्हणून बिचाऱ्यांनी बाकीची गाठोडी सोडून वाचली आणि सारंगगडात पहिल्यांदाच हरकत ऐकू आली. एका दिवसात सदतीस!