राहून गेलेला वजा

"उपयोगाचं आहे की नाही, एवढंच सांगा ना सर! तुम्हा म्हाताऱ्यांना सरळ उत्तर देता येत नाही का?"

हेरंबला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेले केळुसकर सर गवारीच्या शेंगा मोडत होते. मोडतच राहिले.

हेरंब पीएच.डी. अर्ध्यात सोडून आला होता. असल्या भूमितीने पोट भरत नाही, असं मार्गदर्शकाने तोंडावर सांगितलं होतं. त्या गृहस्थाने स्वतः पंधरा वर्षांत नवं अक्षर वाचलं नव्हतं, ते सोडा. आता सरही 'नाही' म्हणाले, की वह्या रद्दीत घालायच्या आणि काकाच्या टाइल्सच्या दुकानात जाऊन बसायचं, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं.

"पुन्हा सांग," सर म्हणाले.

"दोन कण आदळले की काय बाहेर पडेल, हे काढायला तुम्ही हजारो चित्रं काढता. एकेका चित्रामागे पानपानभर आकडेमोड. मी एकच आकृती घेतो, पुष्कळ पैलूंची. तिचं घनफळ काढलं की झालं उत्तर. सहा ओळी!"

"सगळ्या कणांना चालतं?"

"...नाही. वस्तुमान नसलेल्यांनाच. सध्या तरी."

"मग माझ्या त्या गणिताला चालेल की."

वस्तुमान नसलेल्या कणांच्या टकरीचं ते गणित सरांनी तरुणपणी दोन वर्षं खपून केलं होतं. पाठकोऱ्या उत्तरपत्रिकांवर, दोनशे बारा पानं. हेरंबकडे कॉलेजपासून त्याची झेरॉक्स होती.

"लावून पाहिलं. उत्तर जुळत नाही." हेरंब अडखळला. "एकशे चाळिसाव्या पानावर तुमचा एक वजा राहिलाय."

शेंग हातातच राहिली...

"आकृतीच चुकली नाही कशावरून?"

"तुमची सगळी पानं हाताने पुन्हा केली. चार महिने लागले."

"सहा ओळींत उत्तर आलेलं असताना? वेडा आहेस का?"

हेरंबचा आवाज एकदम उतरला.

"मलाही वाटलं, आकृतीच चुकली असेल. तुम्ही चुकाल असं... वाटलंच नाही."

सर उठले. फडताळातून गठ्ठा काढला, पान शोधलं, पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली. शेजारी आजची तारीख घातली. तारखेखाली हेरंबचं नाव लिहिलं. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"सर... उपयोगाचं आहे का?"

"अरे, झाला की उपयोग! इतक्या वर्षांत ती पानं पहिल्यांदा कुणीतरी वाचली."