‘आहे’च्या उलट

“...बरं, आणि ‘आहे’च्या उलट?”

लोमटे गुरुजींनी विचारलं. फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात वर-खाली, आत-बाहेर, खरं-खोटं लिहून झालं होतं.

निवृत्त झाल्यावरही ते दर गुरुवारी तालुक्याहून एसटीनं यायचे आणि तिसरीच्या वर्गाला भाषा शिकवायचे. कुणी बोलावलं नव्हतं. येऊ नका म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

वर्गाच्या बाई, वैजयंता, मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. लहानपणी त्याही याच वर्गात, याच गुरुजींपुढे बसल्या होत्या.

“मी सांगू, गुरुजी?” यशराज ओरडला. “बाईच्या उलट बुवा!”

“तुला ते कुणी विचारलं रे? शहाण्याच्या उलट कोण, ते सांग.”

“यशराज!” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

हसणं ओसरलं. मग खिडकीजवळून एक हात वर आला. अर्धाच.

ईश्वरीचा.

वैजयंताबाई भिंतीपासून सरळ झाल्या. श्रावणात ईश्वरीची आई तापानं गेली. तेव्हापासून ही पोरगी वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची.

“हां, बोल,” गुरुजी म्हणाले.

ती उभी राहिली.

“होती.”

गुरुजींनी भुवया उंचावल्या.

“होती? तो भूतकाळ झाला. मी उलट विचारलं.” ते एक पाऊल पुढे आले. असलं काही सापडलं की त्यांना हुरूप यायचा. “आणि ‘होती’ कुठून आणलंस? तो आहे, ती आहे, ते आहे. ‘आहे’ला लिंग नसतं. तू होता म्हणाली नाहीस, होतं म्हणाली नाहीस, एकदम होती! कोण होती?”

वर्ग पुन्हा हसला. तिच्या गल्लीतली पोरं तेवढी हसली नाहीत.

ईश्वरी खाली बघत होती.

“‘नाही.’ आहे आणि नाही. सोपं आहे. म्हण.”

...

“म्हण, आणि बस.”

गुरुजींचा हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. बरोबर उत्तर स्वतःच्या तोंडानं म्हटल्याशिवाय खाली बसायचं नाही. अख्खं गाव या नियमाखाली उभं राहिलं होतं. मोठं झाल्यावर त्याचं कौतुकही तेच सांगायचं.

ईश्वरी उभीच राहिली.

गुरुजी पुढच्या शब्दाकडे वळले. मग त्याच्या पुढच्या. पोरं उत्तरं देत होती, बसत होती. आभाळ भरून आलं होतं आणि वर्गात उजेड कमी झाला होता. खिचडीचा वास आला. घंटा झाली.

कुणी हललं नाही. सगळे ईश्वरीकडे बघत होते. काही जण तर चिडून बघत होते.

“अगं, म्हण की,” कुणीतरी कुजबुजलं. “भूक लागली.”

“जा रे सगळे,” वैजयंताबाई म्हणाल्या. “हात धुऊन ओळीत बसा.”

ताटल्या वाजवत वर्ग रिकामा झाला. गुरुजी खुर्चीवर टेकले.

“ईश्वरी, तूही जा.”

ईश्वरीनं गुरुजींकडे पाहिलं. ते बोटांत खडू फिरवत होते. ती जागची हलली नाही.

“बसू तरी द्या तिला, गुरुजी.”

“मधे बोलू नकोस, वैजू. तूही अशीच उभी राहिली होतीस. पानी पानी करत. शाळा सुटायची वेळ झाली होती. लागलीस ना शेवटी ‘पाणी’ म्हणायला?”

“लागले. आणि त्या दिवसापासून घरी पाणी मागायचंच सोडलं. तुमच्यासारखं मागितलं की घरचे हसायचे, त्यांच्यासारखं मागितलं की तुमची भीती वाटायची. मुकाट उठून घ्यायचे.”

“मग काय वाईट झालं? स्वावलंबी झालीस.”

वैजयंताबाईंना हसू आलं नाही. त्या टेबलाजवळ आल्या. आवाज खाली आणला.

“तिची आई गेली, गुरुजी. श्रावणात.”

गुरुजींच्या बोटांत फिरणारा खडू थांबला.

“...मला आधी सांगायचं होतंस.”

“आधी सांगितलं असतं तर तिचं उत्तर बरोबर धरलं असतं?”

गुरुजींनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“नसतं धरलं. वाईट वाटलं असतं. जरा हळू बोललो असतो. पण उत्तर तेच राहिलं असतं. दुःख तिचं एकटीचं आहे, वैजू. भाषा सगळ्यांची आहे.”

“सगळ्यांची म्हणजे तुमची.”

“जीभ आवर.”

“आवरूनच तर इतकी वर्षं काढली. ऐका ना. शेजारच्या बाया तिच्या घरी जातात आणि तिच्यासमोर म्हणतात, बिचारीला आई नाही. जशी काही कधी नव्हतीच. तेच तुम्ही तिच्या तोंडून म्हणवून घेताय. आणि म्हटलं की वर शाबासकी देणार.”

“मी कुणाच्या आईचं नाव काढलेलं नाही. एक क्रियापद विचारलं.”

“मग तुम्ही म्हणून दाखवा.”

“काय?”

“तेच क्रियापद. काकूंना लावून.”

काकू म्हणजे गुरुजींची बायको. मागच्या दिवाळीच्या आधी त्या वारल्या. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी गुरुजी नेहमीच्या एसटीनं आले होते आणि समानार्थी शब्द शिकवून गेले होते.

“वाक्यात उपयोग करा, गुरुजी. आम्हाला सांगायचात तसा. ‘माझी बायको...’ पुढचं तुम्ही भरा.”

दोघंही ईश्वरीच्या डोक्यावरून बोलत होते. पोरगी सगळं ऐकत मधेच उभी आहे, हे वैजयंताबाईसुद्धा विसरल्या होत्या.

गुरुजींनी घसा साफ केला. वाक्य सोपं होतं.

“माझी बायको...”

बाहेर ताटल्यांचा आवाज. कुणीतरी मीठ मागत होतं.

“माझी...”

पुढचा शब्द येईना. वैजयंताबाई थांबल्या. मदत करायची त्यांची इच्छा नव्हती.

गुरुजींनी खडू टेबलावर ठेवला. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. सावकाश चालत ईश्वरीच्या बाकाशेजारी गेले आणि तिथे उभे राहिले. हात बाजूला. मान खाली.

“हे काय, गुरुजी? बसा ना.”

“उत्तर आलं नाही मला.”

“मला तसं म्हणायचं नव्हतं...”

“तसंच म्हणायचं होतं तुला.”

गुरुजी अडले की जिंकल्यासारखं वाटेल, असं वैजयंताबाईंना इतकी वर्षं वाटत आलं होतं.

पाऊस येत नव्हता, आभाळ उघडतही नव्हतं. फळ्यावरची अक्षरं आता नीट दिसत नव्हती. गुरुजी उभे होते. त्यांचे गुडघे धोतरात थरथरत होते. बाकाची कड धरायला त्यांनी हात नेला आणि परत घेतला. नियमात टेकायची मुभा नव्हती.

ईश्वरी त्यांच्या पायांकडे बघत होती.

बराच वेळ बघत होती.

“नाही,” ती म्हणाली.

दोघांनीही वळून पाहिलं.

“काय?”

“‘आहे’च्या उलट नाही.” आवाज स्पष्ट होता. वर्गात सगळे मिळून म्हणतात तसा. रडणं त्यात कुठेच नव्हतं. “माझी आई नाही.”

...

“आता बसा, गुरुजी. पाय थरथरायलेत तुमचे.”

वैजयंताबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

गुरुजी बसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. मग त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं.

“चूक,” ते म्हणाले. “मघाचं उत्तर म्हण.”