वरचा दात आणि वेशीवरचा मामा

फार फार मागे, राजे अजून हत्तीवरून फिरायचे तेव्हाची ही गोष्ट. दातांमधलं आमच्याइतकं कुणालाच कळत नाही. आता आमच्या तोंडात एकही उरला नाही, ते सोडा.

एका नगराच्या वेशीवर एक पहारेकरी होता. भलता संशयी. पोत्यात बोट खुपसून बघितल्याशिवाय धान्य आत सोडत नसे. म्हातारी शिंकली तरी विचारी, "ही खूण कुणाला केलीस?"

त्याच्या थोरल्या बहिणीच्या बाळाला दात येऊ लागले. लाळेची धार आणि रडून रडून घर डोक्यावर. कालपासून त्यानं दुधाला तोंड लावलं नव्हतं. ओठ सुकले होते. बहिणीनं भावाला निरोप धाडला, "लवकर ये. माझ्या एकटीच्यानं होत नाही."

पहारेकऱ्यानं तो निरोप तीनदा वदवून घेतला. त्या नगरात सगळे मानत, की पहिला दात वरचा आला तर मामावर संकट. नुसतं 'ये' म्हणते! वर की खाली, ते का नाही सांगत?

तरी निघाला. वाटेत शेजारीण हसली. का हसली? बहिणीनं दारातच गूळपाणी दिलं. एवढं गोड कशाला? बाळाच्या तोंडाशी ओला फडका होता. काय लपवलंय?

"ताई, वर की खाली?"

"तोंड उघडू देईल तर बघेन ना! हात लावला की किंचाळतो."

"आणि हा फडका?"

"गार पाण्यात भिजवून चावायला देते. आता तोही थुंकतो."

"म्हणजे वरचाच! मला मारायला बोलावलंस!"

"मारायचंच असतं तर लहानपणीच विहिरीत ढकललं असतं. हात धू आणि धर याला. मी दूध कोमट करते."

बाळ मांडीवर आलं. मामानं दाराकडे पाहिलं. पळावं? पण पोरगं हुंदके देऊन देऊन दमलं होतं. शेवटी मामा दारातच टेकला, आणि पोत्यात घालावं तसं बोट हळूच त्याच्या तोंडात घातलं.

वरच्या हिरडीवर बोटाला दाताचं टोक लागलं. वरचाच!

तो बोट ओढणार, तोच बाळानं ते घट्ट दाबलं, त्यावर हिरडी घासली आणि रडू थांबवलं. बोट काढलं की भोकाड. घातलं की चूप. मामा आढ्याकडे बघत बसला, आता काय कोसळतंय म्हणून. पाल चुकचुकली, त्यानं डोळे मिटले. कोसळलं काहीच नाही. बाळ मात्र बोट चावून निवांत झालं, बोंडल्यातलं सगळं दूध प्यायलं आणि मामाचं बोट मुठीत धरून झोपलं.

मामाची छाती फुगली. तो म्हणाला, "ताई, लक्षात ठेव. संशय लांबून वाढतो, जवळ जाऊन हात दिला की विरतो."

"हो का? मग तो एक पाय उंबऱ्याबाहेर कशाला ठेवलायस रे?"