शिंगाची शिट्टी

“...ते सगळं खरं, पण यातली कोणती घेऊ तेवढं सांगा, आक्कासाहेब.”

उदाजीराव मान्यांनी रुमाल सोडला आणि तळ्याकाठच्या दगडी ओट्यावर शिट्ट्या मांडल्या. एक पितळी, एक चांदीचं पाणी दिलेली, एक विलायती पोलादी आणि म्हशीच्या शिंगाची एक काळी.

आक्कासाहेब देवळीच्या जहागीरदारीणबाई. यजमान गेले तेव्हा त्यांनी बंदुका पेटीत बंद केल्या, पण शिकारी कुत्री मात्र स्वतःकडे ठेवली. काळ संस्थानी होता. थंडीत तळ्यातळ्यांवर बदकांची शिकार चाले. डोक्यावरून बार उडाला तरी जागचा न हलणारा कुत्रा दिसला की लोक न विचारता म्हणत, हा देवळीचा.

उदाजीरावांचंही नाव होतं. अडेल घोडी त्यांच्या मांडीखाली आली की निमूट चालत. कुत्र्याचं ते काय एवढं! एक शिट्टी नीट मिळाली की झालं.

आक्कासाहेबांनी पितळी शिट्टी कानाशी हलवली. आतला दाणा खुळखुळला.

“थुंकी लागली की हा दाणा अडकतो. आज एक आवाज, उद्या दुसराच.”

चांदीची त्यांनी नुसती पाहिली. पोलादी हातात घेऊन ठेवून दिली. पहाटेच्या गारठ्यात ती ओठांना चटका देते म्हणाल्या. मग शिंगाची उचलली, हलकेच फुंकली. बारीक, स्वच्छ सूर निघाला.

“ही घ्या. आणि हिच्याच सुराची आणखी एक करून घ्या. एक हरवली, तर कुत्र्याला परकं वाटायला नको.”

“बस्स?”

“शिट्टीपुरतं बस्स.”

उदाजीराव हिरमुसले. एवढ्यासाठी का पहाटेपासून घोडा पिटाळत आलो?

“वाजवून तर दाखवा,” आक्कासाहेब म्हणाल्या.

उदाजीरावांची मैना, कान लोंबणारी तरणी स्पॅनिएल कुत्री, गवतात एका टिटवीच्या मागे लागली होती. त्यांनी शिट्टी फुंकली. होतीस तिथे बस, अशी ती खूण. मैनेचा कान हलला, पाय थांबले नाहीत.

त्यांनी पुन्हा फुंकली. मग जोरात. मग सलग. तळ्यावरचे बगळे उठून गेले. मैना टिटवीमागेच.

“वारा उलटा आहे,” उदाजीराव म्हणाले.

आक्कासाहेब मैनेकडे बघत होत्या.

“हिच्याआधी एक होता ना तुमच्याकडे?”

“रुस्तुम.”

“तो कुठं आहे?”

उदाजीरावांनी पाण्याकडे तोंड फिरवलं.

“गेल्या थंडीत... बदक पाण्याला लागून उडालं. रुस्तुम हुकमाआधीच सुटला. मी शिट्टी फुंकली, सगळ्या तळ्याला ऐकू गेली. पण तेवढ्यात कुणीतरी बदकावर बार टाकला... लागला रुस्तुमला.”

“रुस्तुमनं ऐकली नाही?”

“शिट्टीच भिकार होती. त्यात वारा...”

“उदाजीराव.”

त्यांनी पायाखालचा खडा पाण्यात ढकलला.

“ऐकली होती,” ते म्हणाले. “मान वळवली होती त्यानं. माझ्याकडं पाहिलं... आणि गेला.”

हे त्यांनी आजवर घरात बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आक्कासाहेबांनी ना समजूत घातली, ना दोष दिला. शिंगाची शिट्टी दोरीत ओवली आणि उदाजीरावांच्या गळ्यात घातली.

“आता ही वाजवायची नाही.”

“मग मैना शिकणार कशी?”

“ती बघा कुठं निघाली.”

मैनेने टिटवी सोडून शेळ्यांचा कळप धरला होता. उदाजीरावांचा हात शिट्टीकडे गेला. आक्कासाहेबांची काठी मनगटावर बसली.

“पाय आहेत ना? जा.”

ते धावले. चिखलातून, बोरीच्या काट्यांतून. मैनेला उचललं, तिनं जिथे शिट्टी कानाआड केली होती तिथे आणून बसवलं. पाठ फिरवली तशी ती उठली. ते पुन्हा गेले.

त्या संध्याकाळी परत निघायचं होतं. ते राहिले.

पुढचे दिवस उदाजीरावांच्या पायांचे होते. गळ्यात शिट्टी, पण मुकी. मग एका सकाळी आक्कासाहेबांनी मैनेची थाळी त्यांच्या हातात दिली. हात वर करायचा, एकदाच हलकं फुंकायचं, ती बसली की थाळी खाली. त्यानंतर थोडं लांबून. मग आणखी लांबून.

“आणि एक ध्यानात ठेवा,” आक्कासाहेब म्हणाल्या. “जिथवर तुम्ही स्वतः पोचणार नाही, तिथवर शिट्टी पाठवायची नाही.”

आवाज चढवायची सवय उदाजीरावांना होती. ती हळूहळू कुठे गेली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

आठवड्याअखेरीस आक्कासाहेबांनी पेटीतली एक बंदूक गड्याला देऊन लव्हाळ्यापलीकडे उभं केलं.

बार उडाला. एक बदक पाण्याला घासून फडफडत गेलं.

मैना सुटली.

तसंच पाणी, तसंच बदक, तशीच पाठ... उदाजीरावांनी आक्कासाहेबांकडे पाहिलं. त्या आपल्या शालीचं टोक सारखं करीत होत्या.

उदाजीरावांनी शिट्टी ओठांना लावली. एकदाच फुंकली. हलकेच.

चिखल उडाला. धावत्या पावलावर मैना बसली. अंग सगळं थरथरत होतं, बदक तिच्या डोळ्यांसमोरून जात होतं. तिनं मान वळवली आणि उदाजीरावांकडे पाहिलं.

पाहतच राहिली.

उदाजीरावांना समोरचं नीट दिसेना. हसू की रडू कळेना. हात आपोआप वर गेला आणि शिट्टी पुन्हा ओठांशी आली.

“बसलीय ती,” आक्कासाहेब म्हणाल्या. “आता कुणाला सांगताय?”