म्हाळसाआत्याचं ‘बंद’

फार वर्षांपूर्वी, आपल्या सावरखेड्यात पहिलं मळणीयंत्र आलं तेव्हाची ही गोष्ट. यंत्र कुठं तरी आधीच झिजून आलेलं. लांब पट्ट्यानं ते इंजिनाला जोडायचे आणि इंजिन सुरू झालं की आख्खं खळं थरथरायचं. कोंडा उडायचा, पोरी शिंकायच्या आणि तरी हसायच्या. यंत्रावरच्या फळीवर उभं राहून त्याच्या तोंडात गव्हाच्या पेंढ्या लावायचं काम म्हाळसाचं. त्या कामाचं तिला इतकं वेड, की जेवायला हाका मारल्या तरी ती फळीवरून उतरायची नाही, असं म्हणतात.

आता खळ्याची एक रीत ऐका. तिथं ‘बंद’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बरकत जाते म्हणे. संध्याकाळी दुकान ‘वाढवतात’ ना, तसं यंत्र थांबवायचं असलं की ‘वाढवा’ म्हणायचं.

एका सुगीला इंजिनवाला नवा आला, शहरातला. त्याला ही रीत कुणी सांगितलीच नाही. दुपारी म्हाळसाची धाकटी बहीण ठकू कोंडा ओढत होती, तोच तिचा पदर पट्ट्यात गेला. म्हातारी माणसं एकदम ओरडली, "वाढवा! वाढवा!" आणि त्या बिचाऱ्यानं वेग वाढवला!

ठकू चाकाकडे खेचली जायला लागली. फळीवरून म्हाळसा जीव खाऊन ओरडली, "बंद! बंद कर मेल्या!"

इथंच मला नवल वाटतं. ते जड चाक इंजिन थांबवल्यावरही बराच वेळ फिरत राहायचं. त्या दिवशी मात्र इंजिनवाल्याचा हात पोचायच्या आत ते जागीच थांबलं, असं म्हणतात. कुणी म्हणतं डिझेल संपलं, कुणी म्हणतं पट्टा तुटला. मी काही तिथं नव्हतो, पण ठकूआजीला मी पाहिलंय. पणतवंडं खेळवून गेली ती.

म्हातारे म्हाळसावर तुटून पडले, "खळ्याची बरकत घालवलीस!"

ती म्हणाली, "जाईना का! माझी ठकी हाय न्हवं?"

मग रास भरायला घेतली, तर गहू सरेचना. पोती भरली, घोंगड्या भरल्या, शेवटी बायकांनी लुगडी अंथरली, असं म्हणतात. म्हातारपणी म्हाळसाआत्याला हे खरं का विचारलं, तर ती हसून एवढंच म्हणायची, "काय दिस व्हते बाबा ते!"

आता यंत्रं नवी आली. पण सावरखेड्यात अजून मळणीआधी यंत्र रिकामंच सुरू करतात. मग त्या वर्षी गावात आलेली नवी सून, जिचा आवाजही कुणी ऐकलेला नसतो, ती फळीवर चढते आणि म्हाळसाआत्याचं नाव घेऊन मोठ्यानं ओरडते, "बंद!" तिच्या शब्दाखातर यंत्र पुरतं थांबलं, तरच पहिली पेंढी आत जाते.