एक शिंग लाल, एक हिरवं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, आमच्या पांढरटोल्यात ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा रान गावाला अगदी लागून होतं आणि गवत माणसाच्या डोक्यावर जात होतं. त्या काळी गावाची गुरं फागू गोवारी राखायचा.

फाल्गुनात, रानभर पळस फुललेला असताना जन्मला, म्हणून आईनं नाव ठेवलं फागू. पण देवाची गंमत बघा, त्याच फागूला पळसाचं फूल आणि पळसाचं पान एकाच रंगाचं दिसायचं. लाल आणि हिरवं त्याच्या डोळ्यांना वेगळं नव्हतंच. पिकलेलं बोर तो दाबून ओळखायचा आणि मिरची चावून. गावाला यातलं काही माहीत नव्हतं. कुणी विचारलं नाही, म्हणून त्यानंही कधी सांगितलं नाही.

ते उघडं पडलं पोळ्याला. गावचे जमीनदार म्हणजे मालगुजार; त्यांच्या पांढऱ्या बैलजोडीची शिंगं रंगवायचा मान गुराख्याचा असे. समोर दोन वाट्या, एकीत लाल रंग, एकीत हिरवा. फागूनं मन लावून शिंगं रंगवली आणि जोडी तोरणाखाली आणून उभी केली. दोन्ही बैलांचं एक शिंग लाल, एक हिरवं! गाव पोट धरधरून हसलं. मालगुजार तेवढे हसले नाहीत.

"का रे फागू, वाघाचा रंग कोणता?" त्यांनी विचारलं.

"गवताचा, मालक."

पुन्हा हशा पिकला. फागू बिचारा गोंधळला. म्हणाला, "गाईलेही तसाच दिसत असन जी. नाही तं वाघाच्या इतक्या जवळ कायले गेल्या असत्या?"

"ज्याले लाल-हिरवं समजत नाही, त्याले वाघ काय दिसन?" मालगुजार म्हणाले आणि त्यांनी फागूच्या हातातली काठी काढून डोमाला दिली. डोमाची नजर अशी तेज, की आभाळातल्या घारीच्या चोचीत काय आहे ते तो खालून सांगायचा.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी गुरं आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या त्यांच्या जमायच्या जागी, गोळा झाली की फागूच्या घराकडे तोंड करून हंबरायची. फागू दार लावून आत रडायचा. खरंच रडायचा. त्याला बायको नव्हती, लेकरं नव्हती, होत्या त्या गाईच.

मग वाघ आला. महिनाभरात त्यानं चार गाई नेल्या. डोमा शपथ घेऊन सांगे, की तांबडा ठिपकासुद्धा कुठे दिसला नाही. पाचवी गाय गेली ती मालगुजारांच्या गोठ्यातली. तेव्हा मालगुजार स्वतः भाला घेऊन गुरांमागे निघाले. फागूला कुणी बोलावलं नव्हतं, पण तोही मागे निघाला.

कपिला गाय चरत चरत उंच गवताकडे सरळ चालली होती. तिच्यामागून मालगुजार. इतक्यात फागूनं धावत जाऊन त्यांचा हात धरला. गुराख्यानं मालगुजाराचा हात धरावा, असा तो काळ नव्हता.

"थांबा जी. थो बसला हाय."

"कुठी?" मालगुजारांना नुसतं गवत दिसत होतं.

"वारा सुटला हाय, पाहा. गवताच्या रेघा हालून रायल्या. तिथच्या रेघा हालत नाही."

फागू गाईच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि घरच्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "दिसला गा तू मले. जाय आता."

असं म्हणतात, तेव्हा वारा थांबला, पाखरं थांबली. दहा हातांवरचं गवत हळूच उभं राहिलं, त्याला डोळे फुटले आणि त्याचा वाघ झाला. त्यानं फागूकडे पाहिलं, मान खाली घातली आणि आला तसा निघून गेला. मालगुजारांचा भाला हातातून कधी पडला ते त्यांना कळलं नाही. धोतराचं काय झालं ते आम्ही सांगत नाही.

भाला उचलून ते म्हणाले, "मले कसा नाही दिसला रे?"

"तुमी रंग पाहता, मालक. मले रंग कधी भेटलाच नाही, म्हणून मी बाकीचं पाहतो."

मालगुजारांनी डोमाकडून काठी घेतली आणि भर रानात, सगळ्या गुरांसमोर, दोन्ही हातांनी फागूला दिली. त्यानंतर पांढरटोल्याचं एक वासरूही गेलं नाही. फागू रोज गवताच्या कडेला उभा राहून "दिसला गा" म्हणायचा, आणि असं म्हणतात, की पुढे पुढे वाघ नुसत्या आवाजानंच वाट बदलायचा.

फागू खूप म्हातारा झाला. एका संध्याकाळी गुरं आपली आपण घरी आली, ओळीनं, शांत. मोजली तर एकही कमी नव्हतं. फागू तेवढा नव्हता. त्याची काठी एका वारुळाला नीट टेकवून ठेवलेली सापडली. गवतानं त्याला आपल्यात घेतलं, असं म्हणतात.

आजही आमच्याकडे पोळ्याला प्रत्येक बैलाचं एक शिंग लाल असतं आणि एक हिरवं. बाहेरगावचे पाहुणे हसतात, आम्ही त्यांना हसू देतो. कधी कधी गावातलं एखादं लेकरू पाटीवर झाड काढतं आणि त्याला लाल पानं रंगवतं. त्याची आई त्याला रागावत नाही. पोळ्याच्या सकाळी ती त्याला न्हाऊ घालून आखरावर आणते. सगळं गाव बैल धरून उभं असतं. गावातला सर्वांत म्हातारा माणूस त्याच्यापुढे दोन वाट्या ठेवतो आणि म्हणतो, "घे बाबू, पहिलं शिंग तुह्यं."

कोणती वाटी उचलायची, ते त्याला कुणी सांगत नाही.